तंबूतला ब्रेड आणि ओट्यावरची कणीक



आज मी तुमच्याशी एका टीव्ही कार्यक्रमाविषयी बोलणार आहे आणि त्याच्या निमित्तानं ब्रेडविषयी. कार्यक्रम इंग्लंडचा. त्याचं नाव ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’. १७ ऑगस्ट २०१० रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर तो सुरू झाला, तेव्हा त्यात दहाच स्पर्धक होते. पाच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याची अंतिम फेरी ब्रिटनमध्ये एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिली. ही माणसं काय बघत होती? तर तीन साधी माणसं भट्टीसमोर उकिडवी बसून, काचेतून आत डोकावत, आपला केक फुगतोय की नाही ते बघत होती. आणि त्या माणसांना बघणारी ही कोटभर माणसं!

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका जुन्या, ऐसपैस बंगल्याची हिरवळ. त्या हिरवळीवर एक पांढरा तंबू. तंबूत रांगेनं ओटे मांडलेले, प्रत्येक ओट्याशी एक भट्टी. स्पर्धक व्यावसायिक आचारी नसतात. कुणी विद्यार्थी, कुणी परिचारिका, कुणी सुतारकाम करणारा, कुणी नातवंडं असलेली आजी. चित्रीकरण शनिवार-रविवारी होतं आणि सोमवारी ही मंडळी आपापल्या कामावर रुजू होतात. दर आठवड्याला एक विषय असतो. कधी केक, कधी बिस्किटं, कधी ब्रेड. फेऱ्या तीन. पहिलीत घरून सराव करून आणलेला आपला हुकमी पदार्थ. तिसरीत डोळे दिपवणारं काहीतरी भव्य. आणि मधली फेरी, जी मला सर्वांत आवडते, तिच्यात सगळ्यांना एकच अनपेक्षित पदार्थ दिला जातो. तो कुणी केला हे परीक्षकांना ठाऊक नसतं. कृतीचा कागद दिलेला असतो, पण त्यात फारसं काही लिहिलेलं नसतं. ‘पीठ मळा.’ ‘भाजा.’ किती मळा, किती वेळ भाजा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ही फेरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या घरातल्या जुन्या वह्या आठवल्या. ‘पाणी लागेल तसं.’ ‘अंदाजानं मीठ.’ ‘खमंग वास सुटला की उतरवावे.’ आपल्याकडच्या आज्या, पणज्या आयुष्यभर ही मधली फेरीच खेळत आल्या. फक्त परीक्षक पाटावर बसलेले असत आणि पदार्थ कुणी केला ते त्यांना पक्कं ठाऊक असे.

आमच्या घरी हा कार्यक्रम मी आणि सासूबाई मिळून बघतो. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. माहेर धुळ्याचं. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण ओट्यावर काय चाललंय ते कळायला इंग्रजी लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “जिंकणाऱ्याला काय देतात गं?”

म्हटलं, “केक ठेवायची एक तबकडी आणि फुलांचा गुच्छ.”

“आणि पैसे?”

“पैसे नाहीत.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग बघू या. मनापासून करत असतील.”

मला वाटतं, या कार्यक्रमाच्या यशाचं निम्मं मर्म सासूबाईंच्या त्या वाक्यात आहे. आपल्याकडे ‘मास्टरशेफ इंडिया’ही २०१० मध्येच सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी पंकज भदौरिया या शिक्षिकेनं तो जिंकला. तोही मी आवडीनं पाहिला. पण त्यात ढोल इतके वाजतात, प्रत्येक वाक्यानंतर चेहरे इतके वेळा दाखवतात, की भाजी शिजली का करपली याकडे लक्षच राहत नाही. इंग्लंडच्या तंबूत स्पर्धा आहे, पण वैर नाही. शेजाऱ्याचा केक साच्यातून निघत नसेल तर दुसरा स्पर्धक आपलं काम सोडून ताट धरायला धावतो. सुरुवातीची काही वर्षं मेल गिड्रॉइक आणि स्यू पर्किन्स या दोघी कार्यक्रम सादर करत. कुणाला रडू कोसळलं, तर त्या मुद्दाम जवळ जाऊन उभ्या राहत आणि चार शिव्या हासडत, म्हणजे ते चित्रीकरण दाखवताच येऊ नये. हे त्यांनीच नंतर सांगितलेलं आहे. शिव्यांचा इतका सात्त्विक उपयोग मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

परीक्षक दोन. मेरी बेरी, १९३५ सालचा जन्म, इंग्लंडातल्या घराघरांत त्यांची पाककृतींची पुस्तकं. आणि पॉल हॉलिवूड, बेकरीवाल्याचा मुलगा, वडिलांच्या बेकरीत काम शिकलेला. २०१७ पासून कार्यक्रम बीबीसी सोडून चॅनल फोर या वाहिनीवर गेला. मेरीबाई त्याच्याबरोबर गेल्या नाहीत, त्यांच्या जागी प्रू लीथ आल्या. हे हॉलिवूड महाशय हसत नाहीत, पुढ्यात आलेला ब्रेड अंगठ्यानं दाबतात, मधोमध कापतात, नाकाशी नेतात, आणि मग जे काही बोलायचं ते दोन शब्दांत बोलतात. ब्रेडचा आठवडा आला, की तंबूतल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो त्यांच्यामुळे.

ब्रेडच्या या आठवड्यांत मी काय काय पाहिलं! आठ पेडांची वेणी घातलेला ब्रेड. इटालियन चाबाता, ज्याचं पीठ इतकं सैल, की ओट्यावरून वाहत जाईल असं वाटतं. फ्रेंच बगेत. २०१५ मध्ये पॉल जॅगर नावाच्या स्पर्धकानं ब्रेडचा अख्खा सिंह केला होता, बदामाच्या नखांसकट असेल-नसेल, पण आयाळ मात्र अशी, की हॉलिवूड महाशय चक्क खूश झाले आणि त्यांनी त्याला खास शाबासकी दिली. सासूबाईंना तो सिंह पसंत पडला नाही. “खायचं कुठून सुरू करायचं?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला रास्त वाटतो. भव्य फेरीत चव आणि पोट या दोन्ही गोष्टी मागे पडतात. २०१८ मध्ये मधल्या फेरीत लसणीचा नान करायला दिला होता. त्या दिवशी आम्ही दोघी खुर्चीच्या कडेवर बसून होतो, जणू माहेरचं कुणीतरी परीक्षेला बसलंय.

एकदा काय झालं, पडद्यावर एक तरुण पीठ मळत होता. चांगला दणकट गडी, दोन्ही हातांनी घुसळत होता. सासूबाई म्हणाल्या, “अजून मळायला हवी. तार आली नाही तिला.” दहा मिनिटांनी परीक्षकानं ब्रेड कापला, आतली जाळी बोटांनी दाबली आणि निकाल दिला, की पीठ पुरेसं मळलेलं नाही.

श्रोतेहो, ब्रेड शिकायचा तर मला वाटतं या ‘तार’ शब्दापासून सुरुवात करावी. गव्हात दोन प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी लागलं आणि मळलं, की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचं एक चिवट, ताणलं जाणारं जाळं होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट पिठातली साखर खातं आणि कार्बन डाय-ऑक्साइड सोडतं. हा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. जाळं कच्चं असेल, तर फुगा फुटतो आणि वायू निघून जातो. म्हणजे ब्रेडची सगळी इमारत या तारेवर उभी आहे. इंग्रजी पुस्तकांत याची एक कसोटी दिलेली असते. पिठाचा लहानसा गोळा घेऊन चारी बाजूंनी हलके ताणायचा. न फाटता त्यातून उजेड दिसला, की पीठ तयार.

आता मला सांगा, ही कसोटी आपल्याला कुणी शिकवायला हवी का? पुरणपोळीची कणीक कशी असते? सैल भिजवायची, तेलपाण्याचा हात लावून तिंबायची, म्हणजे आपटून, ताणून, दुमडून पुन्हा आपटायची, आणि मग दोन तास झाकून ठेवायची. का? तर पुरण भरून लाटताना ती फाटू नये. आणि खानदेशातले मांडे? सासूबाईंच्या माहेरी मांडे करणाऱ्या बायका भिजवलेल्या कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर असा फिरवत, की तो कोपरापर्यंत पसरायचा. मग तो उपड्या खापरावर टाकायचा. जगातल्या कुठल्याही बेकरीवाल्यानं त्या हातांसमोर उभं राहून शिकावं असं ते काम. मांड्यांची गोष्ट तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबा चाटीनं खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांच्या पाठीवर ते भाजले गेले, अशी कथा आहे. घरात भट्टी नाही म्हणून अडून बसणाऱ्यांनी ती जरूर आठवावी.

उलट बाजूनंही आपल्याला हे जाळं माहीत आहे. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळून चीक काढतो आणि चोथा बाजूला टाकतो. चीक म्हणजे स्टार्च. आपल्याला कुरडईत तोच हवा असतो. ब्रेडवाल्याला स्टार्च हवाच, पण त्याचा जीव अडकलेला असतो तो चिवटपणात. करून बघायचं असेल तर सोपं आहे. मैद्याचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवा आणि मग पाण्याखाली हलक्या हातानं चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जाईल आणि शेवटी हातात च्युइंगम चावल्यासारखं रबरी काहीतरी उरेल. तेच ग्लुटेन. शाळेत मुलांना हा प्रयोग दाखवा, ती डबा विसरतील.

मग असं असताना इंग्लंडच्या लोकांना ब्रेड टीव्हीवर बघून शिकायची वेळ का यावी? तिथं तर ब्रेड रोजचा. त्याचंही एक कारण आहे आणि ते जाणून घेण्यासारखं आहे. लंडनजवळ चॉर्लीवूड नावाचं गाव आहे. तिथल्या बेकरी संशोधन संस्थेनं १९६१ मध्ये एक पद्धत शोधून काढली. अतिशय वेगवान यंत्रात काही मिनिटांतच पीठ इतकं घुसळायचं, की आंबण्याचे अनेक तास वाचतात. जोडीला थोडी चरबी, थोडी रसायनं, जास्त यीस्ट. पिठापासून कापलेल्या, वेष्टनात गुंडाळलेल्या ब्रेडपर्यंतचा प्रवास साडेतीन-चार तासांत. शिवाय इंग्लंडातला कमी ताकदीचा गहूही त्यात चालतो. ब्रेड स्वस्त झाला, पांढरा झाला, कापसासारखा मऊ झाला. ब्रिटनमधला बहुतेक ब्रेड पुढे याच रीतीनं होऊ लागला. गल्लीतल्या बेकऱ्या मिटल्या. घरी ब्रेड करणं ही आजीची आठवण झाली. एलिझाबेथ डेव्हिड या लेखिकेनं १९७७ मध्ये इंग्लंडच्या ब्रेडवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो काहीशा संतापानंच. आणि २०१० मध्ये तंबू उभा राहिला. जे काम रोज सकाळी घराघरांत, गल्लीगल्लीत चाले, ते आता लोक सोफ्यावर बसून श्वास रोखून बघू लागले.

मला इथं जरा थांबावंसं वाटतं. आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी सात वाजता तिथं रांग असते, आणि रांगेत उभ्या असलेल्या मुली-मुलांना मी नावं ठेवणार नाही. दोघंही आठ-दहा तास काम करून आलेली असतात, आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईचं घर त्या पोळ्यांवर चालतं. पण घडीची पोळी पुढच्या पिढीत किती घरांत होईल? तीस वर्षांनी एखाद्या हिरवळीवर तंबू टाकून, घड्याळ लावून, ‘आज पोळीचा आठवडा’ असं कुणी जाहीर करेल आणि टम्म फुगलेल्या फुलक्याला आपण सगळे उभं राहून टाळ्या देऊ, हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. इंग्लंडचं झालं ते बघता तीसही लागणार नाहीत.

आपलं ब्रेडशी नातं मात्र निराळं. पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. वसईकडे, गोव्याकडे विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, त्यावरून टिळक-रानड्यांसकट अनेकांवर ग्रामण्याचा खटला उभा राहिला. पुढं त्याच पुण्यात कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक सकाळपासून रांगा लावू लागले, हा भाग वेगळा. सासूबाईंच्या सासूबाई पाव घरात येऊ देत नसत. “पायानं मळतात तो,” हे त्यांचं कारण. पण कुणी तापानं फणफणलं, की डॉक्टर दूध-पाव सांगत आणि मग आजाऱ्याच्या खोलीपुरता पावाला प्रवेश मिळे. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या जिभेवर पावाची पहिली चव ही अशी तापाच्या तोंडाची आहे.

गोव्यात तसं नाही. तिथं पहाटे पोदेर सायकलला टोपली बांधून येतो, भोंगा वाजवतो. टोपलीत पाव, उंडो, कोंडा लावलेली पोई, कडक काकणं. पूर्वी तिथं यीस्ट नव्हतं. माडाची सूर घालून पीठ आंबवत आणि विटा-मातीच्या भट्टीत लाकडावर भाजत. हे सगळं सुंदर आहे, पण एक लक्षात घ्या. गोव्यातसुद्धा पाव पोदेराचा, घरचा नव्हे. मुंबईत इराण्याचा, बेकरीवाल्याचा. आपल्या स्वयंपाकघरात तवा आहे, कढई आहे, मोदकपात्र आहे, भट्टी नाही. ज्यांच्याकडे ओटीजी आहे, त्यांनी तो लग्नात आहेर म्हणून आला तेव्हापासून एकदाच नानकटाईसाठी वापरला आणि मग त्यात कढया ठेवल्या. हसू नका. २०१५ ची स्पर्धा जिंकणारी नादिया हुसेन, मूळ बांगलादेशी घरातली, लूटन गावात वाढलेली. तिनं सांगितलंय, की तिची आई भट्टीत तळणीची भांडी ठेवायची. भट्टीत काही भाजतात हे तिला शाळेत गेल्यावर कळलं. त्याच नादियानं पुढं, २०१६ मध्ये, राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक केला. २०१८ चा विजेता राहुल मंडल तर कोलकात्याचा, शिकायला इंग्लंडला गेलेला संशोधक. अंतिम फेरीत त्या दिवशीच्या उकाड्यानं त्याची काचेची बरणी फुटली, ओट्यावर काचा पसरल्या, म्हणून त्याला पंधरा मिनिटं वाढवून दिली होती. ही दोघं लहानपणी केक-ब्रेडच्या वासात वाढलेली नाहीत. मोठेपणी, बघून, करून शिकलेली आहेत.

तर, करून शिकायचं कसं?

टीव्ही बघून ब्रेड शिकण्यात एक मोठी अडचण आहे, आणि ती म्हणजे घड्याळ. तंबूत अडीच-तीन तासांत सगळं उरकायचं असतं. त्यासाठी ओट्याखाली गोळा फुगवायचे गरम खण असतात. स्पर्धेला घड्याळ लागतं, त्याशिवाय रंगत येत नाही. यीस्टला घड्याळ कळत नाही. त्याला कळतं ते फक्त तापमान. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘उबदार जागी दीड तास ठेवा.’ ते लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यापाशी चौतीस-पस्तीस असतात. दहा अंश वाढले, की आंबण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे आपला गोळा पाऊण तासात फुगून, थकून खाली बसतोसुद्धा, आणि आपण पुस्तकावर विश्वास ठेवून आणखी पाऊण तास वाट बघत असतो. आपल्या इकडे बहुतेकांचे पहिले ब्रेड आंबट आणि विटेसारखे होतात, ते यामुळे. २०२० च्या टाळेबंदीत दुकानांतून यीस्टची पाकिटं नाहीशी झाली होती, इतक्या लोकांनी ब्रेड करून पाहिला. त्यातल्या कितीजणांनी दुसऱ्यांदा केला असेल, कुणास ठाऊक!

उपाय सोपा आहे. घड्याळाकडे पाठ करायची आणि गोळ्याकडे बघायचं. पिठात ओलं बोट अर्धा इंच खुपसायचं. खळगा लगेच भरून आला, तर अजून वेळ आहे. हळूहळू अर्धवट भरून आला, तर भट्टी तापवायला घ्या. तसाच राहिला, तर वेळ टळून गेली. इडलीचं पीठ आलंय का हे ओळखायला कुणी गजर लावतं का? डिसेंबरात डबा कणगीशेजारी, गोधडीत गुंडाळून. मे महिन्यात चार तासांत फ्रीजमध्ये. हे ज्या घरात कळतं, त्या घराला ब्रेड जड नाही. उन्हाळ्यात पाणी गार घ्या, यीस्ट निम्म्यावर आणा, आणि शक्य तर मळलेला गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सावकाश आंबलेल्या ब्रेडला जी चव येते, ती घाईच्या ब्रेडला येत नाही.

दुसरी अडचण पिठाची. आपल्या गिरणीतलं पीठ पोळीसाठी फार चांगलं. जात्याच्या दगडांत घासलं गेल्यामुळे त्यातल्या स्टार्चचे कण दुखावतात, म्हणून ते पाणी भरपूर पितं आणि पोळी मऊ राहते. पण ब्रेडमध्ये हाच गुण आड येतो, आतला भाग चिकट राहतो. शिवाय कोंड्याचे बारीक कंगोरे त्या जाळ्याला चिरत जातात. म्हणून सुरुवातीला निम्मा मैदा, निम्मी चाळलेली कणीक घ्यावी. हात बसला, की मैदा कमी करत जावा. खपलीच्या गव्हाची खीर उत्तम होते, ब्रेडसाठी तो गहू दुबळा. लोकवन किंवा सिहोर त्यापेक्षा बरा.

प्रमाण सांगते, ज्यांना हवं त्यांनी लिहून घ्यावं. अर्धा किलो पीठ, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम कोरडं यीस्ट, सव्वातीनशे मिलिलिटर पाणी, चमचाभर तेल. कणीक जास्त असेल, तर पाणी आणखी थोडं. पंधरा मिनिटं मळायचं, तार येईपर्यंत. हाताला चिकटतं म्हणून वरून कोरडं पीठ टाकायचा मोह होतो, तो आवरायचा. पुरणपोळीची कणीकही आधी चिकटते आणि मग हात सोडते. गोळा दुप्पट झाला, की हलक्या हातानं दाबून, वळून साच्यात ठेवायचा आणि पुन्हा फुगू द्यायचा. भट्टी आधी वीस मिनिटं तापवून ठेवायची, २२० अंशांवर, आणि अर्धा तास भाजायचं. ओटीजीच्या बटणावरचे आकडे बरेचदा खोटे असतात. पहिल्या दोन वेळा जवळ उभं राहून बघावं. वरचा पापुद्रा खुसखुशीत हवा असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत वाफ लागते. त्यासाठी झाकणाचं बिडाचं जाड भांडं असेल तर ते भट्टीत तापवून गोळा त्यातच टाकावा आणि वीस मिनिटांनी झाकण काढावं. पिठातलं पाणीच वाफ होऊन आत कोंडून राहतं. झाला का ते कसं ओळखायचं? ब्रेड उलटा करून बुडावर बोटानं टिचकी मारायची. डग्ग्यासारखा पोकळ आवाज आला, की झाला.

सासूबाईंचे हात आता थरथरतात. पोळी लाटणं त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडलं आणि त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. पण गोळ्याची तार बघायची असली, की मी वाडगं त्यांच्यापुढे नेते. त्या दोन बोटांत पीठ धरतात, ताणतात, खिडकीच्या उजेडाकडे नेतात. बोटं थरथरत असतात, पीठ फाटत नाही. “ठेव झाकून,” असं त्या म्हणाल्या, की मी झाकून ठेवते. एवढ्यात माझा मुलगाही शिकू लागलाय. त्याच्याजवळ वजनकाटा आहे, तापमापक आहे, मोबाइलमध्ये लावलेले गजर आहेत. शेवटी तोही वाडगं घेऊन आजीसमोर उभा राहतो. “आजी, बघ ना जरा.” आजी कधी हो म्हणते, कधी नुसती मान हलवते. मान हलवली, की तो निमूटपणे आणखी पाच मिनिटं मळतो. त्या तापमापकाचं काय करायचं, हे त्याचं त्यानं ठरवावं.

आता एकच सूचना राहिली. भट्टीतून काढलेला ब्रेड लगेच कापू नये. बाहेर काढल्यावरही तो आतून शिजत असतो, वाफ मुरत असते. गरम असताना सुरी लावली, तर आतला भाग लगदा होतो. जाळीवर काढून तासभर तरी थांबावं. घरभर वास सुटलेला असतो, शेजारच्या काकू ‘काय केलंस गं?’ म्हणून डोकावून गेलेल्या असतात आणि सगळे सुरीकडे बघत असतात. आमच्याकडे तो तास आजवर पुरा झालेला नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांत कुणीतरी कडेचा तुकडा मोडतंच, आणि बरेचदा तो साजूक तूप लावून सासूबाईंच्या ताटलीत जातो.